जोडावर बसणारा इसरू

— नाई, मी म्हनतो हे साळींदराचं काम नव्हं. तुमी म्हनता तं मी कोन नाई म्हननारा, मिस्त्रीभाऊ — मशीन तुमची, पाईप तुमचा — पन साळींदर कुरतडते ना, तं खाल्लेल्या कनसावानी कड ठेवते, खडबड. हे पहा, बोट फिरवून पहा. कसं सरकं हाय. एवढं सरकं तं माह्या रापीनंबी एका झटक्यात निंगत नाई, अन् माही रापी म्हशीचं कातडं भाजीवानी कापते. मंग हे कसं — जाऊ द्या. कशानं का तुटेना, तुटला ना? तुटला. तुमी इसरूकडं आले ना? आले. बसा मंग. तिथी नका बसू, त्या टोपल्यात ढोलाचं कातडं भिजून राह्यलं, खाकी पँट ओली होईल तुमची. बाजंवर बसा. करकरते, पन पडत नाई. मीच विनली ते.

पानी इचारलं असतं, पन पानी घरात नाई. खरंच नाई, भाऊ, मी कंजूस नव्हं. सोमारी नाल्यावर गेली — सोमारी म्हनजे माही बायको — दीड कोस जाचं अन् दीड कोस याचं, डोस्क्यावर पान्याच्या गुंडावर गुंड. औंदा चैत लागला नाई तं नाला आटला, आता रेतीत झिरा उकरून वाटीवाटीनं भराव लागते. येईल आता थोड्या येळानं. तवर आंबील घ्या. घ्या ना. आंबट हाय थोडी, पन पोटाले थंड. तुमी बोलता कमी जी. चांद्याकडचे मानसं तं लय बोलतेत म्हनून ऐकलं होतं मी. काई हरकत नाई, मी बोलतो दोघायचं.

तुमाले वाटत असंल, का गावाच्या मधोमध अठरा हात खोदलेली इहीर पडली हाय, अन् ह्या बाया नाल्यावर काऊन जातेत? परवापासून तुमची हवेची मशीन मोहाच्या झाडाखाली उभी. तुमी तयार, सरकार तयार, बारूद तयार, अन् आमच्या बोरटोल्याचे लोक होबी म्हनत नाई अन् नाईबी म्हनत नाई. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभे राहतेत. पाह्यलं ना तुमी? अन् गाव हो नाई म्हनलं तं उद्या सकायी मशीन सावली गावाकडं जानार — ऐकलं मी. तिकडच्या धानवाल्या गावायनं अर्जावर अर्ज देले म्हनतेत. जाईल कशी नाई. अन् एकडाव गेली का परत कोन आनते ह्या रानात? इंग्रज जाऊन दहा सालं झाले, तवा कुठी एक मशीन एकडे आली — गेल्या साली एकदा, अन् औंदा एकदा. तिसऱ्यांदा येत नाई, हे मले समजते, सगळ्यायलेच समजते. पन खडकाचं आड येते ना. गेल्या साली खडक कोपला ना. सांगतलं असंल कोनी तुमाले. सांगतलं? कोनं? — बरं, नका सांगू.

द्या तो पाईप एकडे. तिकडचं टोक पायानं दाबून धरा. हां. आता लोक म्हनतेत, इसरू ढोल मढवनारा, त्याले मशीनचं का समजते? मी म्हनतो ढोल अन् हवेचा पाईप एकाच मायचे लेकरं. ढोलात का असते? हवा. पाईपात का असते? हवा. आतून रबर, मंग कपड्याचे तीन थर, मंग वरून पुन्हा रबर — गेल्या साली पह्यल्यांदा कापून पाह्यला तवा हासलोच मी, म्हनलं हा तं कोन्या साहेबानं लांबुडका ढोल केला, अन् दोनी तोंडं उघडीच ठेवली. बाकी सगळं तेच — जिथी बांधलं तिथीच खरी परीक्षा. कातडं मधात फाटत नाई, काठावर सुटते. पाईपबी मधात फुटत नाई, जोडावर सुटते. आता पहा. तुटकी कड आधी कापाची — हे तं कापलेलीच हाय, मेहनत वाचली. मंग ही लोखंडी निपल, जोडाची आखूड नळी, तुमीच आनली ना संगं? आनली बरी आठवनीनं. साळींदरानं रात्री पाईप खाल्ला अन् तुमच्या खिशात निपल तयार. मिस्त्री असा असाव. तिच्यावर दोनी तोंडं चढवाची, रिठ्याचं पानी लावून, म्हनजे सरसर चढतेत. अन् वरून मऊ तार, दुहेरी, आठ येढे इकडे, आठ तिकडे, पकडीनं पीळ द्याचा. तारच. चामडं नाई. चामड्याचं नावच नाई काढाचं. काऊन म्हनजे? काऊन नाई. तार बरी.

आमच्या घरात एक रीत हाय. बापाची, त्याच्या बापाची. ज्यानं ढोल मढवला त्यानंच पह्यली थाप माराची, सगळ्या गावासमोर. कातडं फाटलं, नाई तं वादी सुटली — वादी म्हनजे हा चामड्याचा पट्टा, ज्यानं ढोल आवळतेत — तं नवा ढोल त्यानं घरून द्याचा, अन् त्या सालच्या सनाले त्यानं नाचाचं नाई. कुडाले टेकून बसाचं अन् दुसऱ्यायचा नाच पाहाचा. ढोल देनं काई मोठं नाई, भाऊ. पन नाचाचं नाई म्हनजे — तुमाले नाई समजाचं ते, तुमी चांद्याचे. आता मले सांगा, पाईपाले थाप कशी माराची? गेल्या साली मी लय इचार केला अन् म्हनलं, मी जोडावर बसतो. घोड्यावर बसतेत तसा. सोडा हवा. शंभर पौंडाची हवा असते म्हनतेत त्याच्यात — शंभर का असते मले काई ठाऊक नाई, पन सोडली तं पाईप बुडाखाली असा फुगला का मांजरीनं पाठ उचलाव, अन् मले दोन बोटं वर उचललं. गावच्या साऱ्या बाया तोंडाले पदर लावून हासल्या. सोमारी तं पदरबी न लावता हासली. पन जोड हालला नाई. तवापासून नावच पडलं, जोडावर बसनारा इसरू. धानोऱ्याच्या बाजारात इचारलं तरी सांगतीन.

तुमच्या जागी तवा बिरजू मिस्त्री होता. ओळखत असान तुमी. चांगला मानूस, पानाच्या डब्याबिगर कामाले हात नाई लावत. अन् वरतून ओव्हरशेर होते गुणवंतराव. डोस्क्यावर उन्हाची टोपी — ते साहेब लोकायची, अर्ध्या भोपळ्यावानी — अन् इहिरीच्या काठावर खुर्ची मांडून कपबशीत चा पीत बसाचे. ह्या रानात कपबशी, भाऊ. अर्धं गाव इहीर पाहाले याचं अन् अर्धं कपबशी पाहाले. तं झालं असं, का दहाव्या दिवशी जोडावरची लोखंडी पट्टी तुटली. नवी आनाची तं चांद्याहून, म्हनजे आठ रोज. गुणवंतराव म्हनले, काम बंद, मशीन घेऊन जातो. तितक्यात सोमारी नाल्यावरून आली, गुंड खाली ठेवलाबी नाई, अन् तिनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हनलं, थांबा साहेब, मी बांधतो. साहेब म्हनले, कशानं बांधतेस? म्हनलं, म्हशीच्या वादीनं. वादी ओली असतानी वढाची, सुकली का आखडते, अन् अशी आवळते का लोखंड मांगं पडते. उन्हाचे दिवस, दोन घंट्यात वादी गोटा झाली. हवा सोडली, मी बसलो, जोड हू का चू नाई. गुणवंतराव खुर्चीतून उठले, वाकून पाह्यलं अन् म्हनले, वा रे इसरू. मले म्हनले ते. माह्या बापानं मढवलेले ढोल चार परगन्यात वाजतेत, पन त्याले कोनी ओव्हरशेर वा रे म्हनला नाई.

दोन दिवस मशीन अशी चालली का पाखरंबी गावातून उठून गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी बिरजू मिस्त्री खाली इहिरीत खडकाले भोक पाडून राह्यला, गुणवंतराव वर चा पिऊन राह्यले, अन् फाट — असा आवाज, का मी म्हनलं बारूदच उडाली. अन् पाईपाचं सुटकं टोक इहिरीतून वर आलं. अजगर पाह्यला तुमी कधी पिसाळलेला? मीबी नाई पाह्यला, पन तसंच असंल ते. इकडे फटका, तिकडे फटका, संगं चिखलाचा पाऊस. पह्यले टोपी गेली, थेट इहिरीत. मंग बशी. मंग कप — म्हनजे कप गेला, कान हातात राह्यला. बिरजू मिस्त्री तळाले पालथा पडून होता म्हनून वाचला, मांडीवर एक काळानिळा वळ आला तेवढा. पुढं महिनाभर तो वळ सगळ्यायले दाखवत फिरला म्हनतेत. कोनाले इजा झाली नाई, हे बरं. आता आठवलं का हासू येते. येते ना? तुमीबी हासून राह्यले.

तवा कोनी हासलं नाई. गुणवंतराव, डोस्क्यावर टोपी नाई, मिशीत चिखल, हातात कपाचा कान, अन् ओरडले — कोनं बांधला होता हा जोड? सगळं गाव माह्याकडं पाहाले लागलं. अन् मी सांगतलं, जोड नाई सुटला साहेब, खडकानं हवा वापस फेकली. खडक कोपला. झालं. बुढे मानसं म्हनले, हो बापा, आपुन न इचारता एवढं खोल गेलो. साहेब म्हनले, असल्या गावात मले कामच नाई कराचं. मशीन त्याच दिवशी निंगून गेली. दुसऱ्या दिवशी लोकायनं इहिरीच्या तोंडावर काट्या टाकल्या, ढोरं पडू नाई म्हनून. पावसाळ्यात कड ढासळली, तळाले चार हात मुरूम बसला. टोपी अजून त्याच्या खाली हाय.

चैतू भुमकानं खडकाले इचारलं मंग. भुमका म्हनजे आमचा देवाचं पाहनारा, देवाले इचारनारा. सारं गाव गोल बसलं. पानावर तांदूळ ठेवले, डोळे मिटले, लय येळ गप राह्यला — तुमच्यावानीच. अन् डोळे उघडून म्हनते का, खडक म्हनते मले काई ठाऊक नाई. कोनाले समजेच ना. गावातला लच्छू म्हनला, अरे खडकच कोपला ना, त्याले कसं ठाऊक नाई? चैतू म्हनते, मी तेच इचारलं. खडक म्हनते, ज्याले ठाऊक त्याले इचारा. अन् तांदूळ वेचून घरी गेला, त्याचा भात केला असंल. तवापासून मी वाटंनं भेटलो का एकच इचारते — इसरू, झोप येते ना? अरे बापा, मले झोप काऊन नाई येनार? रोज इचारते. सनाले इचारते, बाजारात इचारते. मले तं आता त्याची आठवन आली का झोपच येत नाई.

हे झालं पहा. आठ येढे, आठ येढे. आता हात लावून पहा, हालते का? नाई हालत. रिठ्याचा फेस लावला का मंग मशीनवर समजते, हवा निंगत असंल तं बुडबुडे येतेत. येत नाई, पन पाहाचं. अन् तारेचं एक बरं असते, भाऊ, पान्यात पडून राह्यली तरी ढिली होत नाई. जंग चढंल चार महिन्यानं, पन ढिली होत नाई. वादीचं तसं नाई ना, वादी तं सकाळभर पान्यात राह्यली का —

— का पाहून राह्यले माह्याकडं? मी का म्हनलं? काई नाई म्हनलं. ढोलाची गोठ सांगून राह्यलो मी. पावसाळ्यात ढोल बसते, कातडं ढिलं पडते, शेकोटीवर धराव लागते, हे आमच्या रांगत्या लेकरालेबी ठाऊक असते. त्याच्यात का नवीन हाय.

आंबील घ्या अजून.

आता तुमी असे गप बसले ना, तं मले उगंच वाटते का तुमी काई तरी समजून राह्यले. समजा मंग. उद्या तं जानारच तुमी सावलीकडं, कोनाले सांगान? — पावसात ढोल बसते हे ठाऊक असून, तीन पिढ्यांचा मढवनारा हा इसरू, त्यानं वादी बांधली कुठी? इहिरीत. जिथी पान्यासाठीच खोदून राह्यले तिथी. असा शायना मानूस कुठी पाह्यला तुमी? खडक नाई कोपला, भाऊ. खडकानं काईच नाई केलं बिचाऱ्यानं. वादी भिजली, ढिली झाली, अन् जोड सुटला. मी पाईप वर वढला ना, तवा वादी हातात आली, शेवाळावानी गार अन् लुचलुचीत. मी मुठीत दाबली. अन् साहेब ओरडले, कोनं बांधला. वा रे म्हनलेला मानूस दोन दिसात असा ओरडते, तं — मी फक्त तेवढ्या घडीपुरतं म्हनलं होतं, मिस्त्रीभाऊ. म्हनलं, घडी निंगून जाईल. नाई गेली. सालभर इथीच बसली हाय, तुमच्या बाजूले, त्याच बाजंवर.

अन् खरं सांगू, वादीचंही नाई मले एवढं. चुकला हात तं चुकला. एक सन कुडाले टेकून बसलो असतो. पन दुसरी गोठ हाय, ते मी कोनालेच सांगतली नाई, सोमारीलेबी नाई. भोक पाडतानी धूळ बसाले वरून दोन-चार बादल्या पानी ओततेत, तुमाले ठाऊकच हाय. सगळे म्हनले, तळाचा चिखल त्याच पान्याचा. मीबी मान हालवली. पन म्हशीची वादी, भाऊ, उन्हात गोटा झालेली — दोन बादल्यानं ते वरवर ओली होते बस. आतपर्यंत लुचलुचीत व्हाले तिले सकाळपासून दुपारपर्यंत पान्यात पडून राहाव लागते. जित्या पान्यात. गार होती ते, नाल्याच्या पान्यावानी नाई, खालच्या पान्यावानी गार. समजलं ना तुमाले? पानी लागलं होतं. झरा लागला होता त्याच दिवशी. वादी सुटली ते पान्यानंच सोडली. अन् ज्या घडीले आमच्या गावाले पानी लागलं, त्याच घडीले मी म्हनलं खडक कोपला, अन् लोकायनं वरून काट्या टाकल्या.

चार हात मुरूम काढाचा, दोन हात खडक फोडाचा. बस. येवढंच काम हाय. अन् सोमारी तिकडे रेती उकरून राह्यली.

ते वादी फेकली नाई मी. वळचणीत खोचून ठेवली, तुमच्या डोस्क्यावर हाय पहा, ते काळी. फेकाले गेलो दोन-तीनदा. नाई फेकल्या गेली. मी तं म्हनतो —

थांबा. तुमी वर नाई पाह्यलं. मी म्हनलं डोस्क्यावर हाय, तं मानूस आपसूक वर पाहते. तुमी आल्याबरोबरच पाह्यलं होतं तिकडं, बाजंवर बसाच्या आधी. मले वाटलं, छपराचे बांबू पाहून राह्यले.

अन् हा पाईप. हे कड. साळींदर म्हने. हे तं सुरीनं कापलं भाऊ, धार लावलेल्या सुरीनं, धडधाकट पाईप कापला तुमी. सरकारी पाईप. अन् निपल खिशात घेऊन आले. मिस्त्री मानूस, बांधाले तुमाले येत नाई का? माह्यापेक्षा बरं येते. मंग माह्याकडं काऊन — कोनं पाठवलं तुमाले?

चैतूनं?

का म्हनला तो? का म्हनला, सांगा ना आता तरी. — इसरूच्या घरी जा, एक तुटकी वस्तू घेऊन जा, अन् बोलू नका. तो आपसूक बोलते. — असंच म्हनला ना? मान हालवता तुमी. तरीच मी म्हनतो चांद्याचा मानूस एवढा मुका कसा. पह्यले खडकाले गप बसून इचारलं, मंग तुमाले गप बसवलं. भुमका हाय का वकील तो?

अन् हे अंगठ्यानं माती उकरनारे? परवापासून हो ना नाई ना करत उभे — त्यायलेबी ठाऊक हाय? लच्छूले? बुढ्यायले? — सगळ्यायले. किती दिसांपासून? — राहू द्या, नका सांगू. ढोल पावसात बसते हे रांगत्या लेकराले ठाऊक, मीच म्हनलं ना आता. माह्याच तोंडून ऐकाचं होतं त्यायले म्हनून थांबले. मी बोललो नाई तं मशीनले जाऊ देतीन, पन मले खाली मान घालाले नाई लावतीन. अशे लोक. अन् मी सालभर त्यायच्या पोरायच्या लग्नात ढोल वाजवून राह्यलो, म्हनलं कोनालेच पत्ता नाई.

सोमारीले?

मान हालवली तुमी.

सालभर. सकायी जाते, संध्याकायी जाते. गुंड उतरवते अन् मले पह्यला गिलास देते. एक शब्द नाई बोलली ते. मले वाटाचं, तिले वादीचं का समजते. ढोल मढवनाऱ्याची बायको, वीस सालं माह्या संगं ओल्या वाद्या वढल्या तिनं. मीच येडा.

ते पहा, आलीच. चिंचंखालून येऊन राह्यली, तीन गुंड. हासून राह्यली — तुमी अन् मी बाजंवर बसलेले दिसलो तिले. नका, उठू नका तुमी. म्हनजे उठा, उठाच, जा तुमी म्होरं. पाईप घेऊन जा, मशीनले जोडा, काट्या काढाले लावा कोनाले. वादी? वादी मी आनतो. ढोलबी आनतो, गाव जमा कराची थाप मले येते, पाच बार वाजवली का बुढेबी उठून येतेत. मंग तुमी हवा सोडा, अन् मी जोडावर बसतो, सगळ्यायसमोर. जमिनीवर उभं राहून नाई होनार माह्याच्यानं, भाऊ, पळून जाईन. पन जोडावर बसलो का पळता येत नाई, उठलो का लोक म्हनतीन जोड कच्चा हाय. बसूनच सांगन सारं. वादीचंबी सांगन अन् पान्याचंबी सांगन. औंदा सनाले नाचाचं नाई मले — नाई नाचत. कुडाले टेकून बसन, अन् बाजूले भरला गुंड ठेवन.

अन् तुमी आता बोलू नका जी. तोंड उघडून राह्यले ना, बंद करा. एवढा येळ गप राह्यले, आता आखरीच नका बिघडवू. जा. मले आधी तिच्या डोस्क्यावरचा गुंड उतरवू द्या.